दहा वाजता दोन आकडे : केरीच्या धक्क्यावरच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर, सोमवार

अकरावी सायन्सच्या चाचणीचे पेपर तपासून झाले. ‘फंक्शन म्हणजे काय, उदाहरण द्या’ या प्रश्नाला बावीसपैकी चौदा जणांनी लिहिलंय, ‘फंक्शन म्हणजे फॉर्म्युला’. उदाहरण सगळ्यांचं एकच, एक्सचा वर्ग. म्हणजे ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे जे शिकवलं त्यातून एवढंच उरलं.

यात शब्दांचाही दोष आहे. गोव्यातल्या आमच्या पेडणे भागातली बरीच पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. पुस्तक इंग्रजी, माझं समजावणं मराठी आणि त्यांची आपसातली भांडणं कोंकणीत. फंक्शन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बारसं नाहीतर वाड्यावरचा कार्यक्रम येतो. म्हणून आज मुद्दाम ‘फलन’ हा शब्द सांगितला : असा संबंध, ज्यात प्रत्येक इनपुटला एक आणि एकच उत्तर असतं. कोरगावचा मुलगा लगेच म्हणाला, “सर, झाड एक आणि फळं शंभर. मग एकाला एकच उत्तर कसं?” मला उत्तर सुचलं नाही. मराठी शब्द दिला की अर्थ आपोआप कळतो, हा माझा भ्रम त्याने एका वाक्यात काढून टाकला.

वार्षिक प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचा ठरवलं. अट एकच : फॉर्म्युला न वापरता फलन शोधून आणायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुरुवात नात्यांपासून केली, कारण रिलेशन म्हणजे नातंच. वर्गातली मुलं हा एक संच, गावातली माणसं हा दुसरा. प्रत्येक मुलापासून त्याच्या मामाकडे बाण काढा म्हटलं. कुणाचे तीन बाण, कुणाचा एकही नाही. संबंध आहे, पण फलन नाही. एकही बाण नसलेला मुलगा नियम मोडतो आणि तीन बाणवालाही मोडतो, हे छान कळलं.

मग मी उत्साहात म्हणालो, आता आईकडे बाण काढा, हे फलन होईल. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “सर, आई नसली तर?” विचारणाऱ्याची आई मागच्या वर्षी गेली. मला ते ठाऊक होतं आणि तरीही मी उदाहरण घेतलं. फळा पुसला, हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख घेऊन तास संपवला. तास सुटल्यावर त्याला गाठलं. तोच म्हणाला, “असू दे सर, बाण तर आहेच, फक्त तिकडून कोण बोलत नाही.” यापुढे हे उदाहरण मी घेणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज हलकाफुलका तास. गाड्यांच्या नंबरप्लेट. जीए-०१ म्हणजे पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को, ०७ पुन्हा पणजी, ०८ पुन्हा मडगाव, ११ आमचं पेडणे. कोडवरून गाव सांगता येतं, म्हणजे फलन. गावावरून कोड विचारला तर पणजीला दोन उत्तरं, म्हणजे उलट दिशेने फलन नाही. हे त्यांनी मला न विचारता काढलं. फॉर्म्युला कुठेच नाही, नुसती यादी आहे.

मोजणीही घेतली. तीन मुलं, दोन बस. एकूण जोड्या सहा. प्रत्येक जोडी घ्यायची किंवा सोडायची, म्हणजे दोनाचा सहावा घात, ६४ संबंध. फलनं मात्र आठच, कारण प्रत्येक मुलाला दोनपैकी एकच बस निवडायची आहे आणि निवडायचीच आहे. आठही फळ्यावर लिहून काढली. चौसष्टातला एक संबंध रिकामा, कोणाचाच कोणाशी बाण नाही. तुयेची मुलगी म्हणाली, “बोलणंच नाही, तो कसला संबंध?” मांद्र्याचा तिला म्हणाला, “आमच्या दोन काकांमध्ये तोच आहे.” मी काही बोललो नाही, गणित बरोबर होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

‘फॉर्म्युला’ लिहिलेल्या चौदा जणांना धीर द्यावा म्हणून थोडा इतिहास सांगितला. जर्मन गणिती लायब्नित्सने १६७३च्या एका हस्तलिखितात ‘फंक्शन’ हा शब्द वापरला तो वक्ररेषेशी निगडित लांब्यांसाठी. स्विस गणिती ऑयलरने १७३४मध्ये एफ ऑफ एक्स ही लिहिण्याची पद्धत आणली आणि १७४८च्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि अचल राशी वापरून लिहिलेली राशी, अशी व्याख्या केली. म्हणजे फॉर्म्युलाच. नियम कसलाही असो, एका एक्सला एकच वाय मिळाला की झालं, ही समज एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती डिरिश्लेच्या १८३७च्या लेखनातून पक्की होत गेली. चुकलेल्यांना ऑयलरच्या रांगेत उभं राहायला मिळालं म्हणून ते खूश. पण मार्क वाढवून मिळणार नाहीत, हेही सांगितलं.

उरलेल्या वेळात भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं उदाहरण. आपल्या पंचांगात दिवसाची तिथी सूर्योदयाला जी असेल ती. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, आणि चंद्राचा वेग कमीजास्त असल्याने तिथी कधी एकोणीस-वीस तासांची तर कधी सव्वीसपर्यंतची. तारखेपासून तिथीकडे बाण काढला तर प्रत्येक तारखेला एकच तिथी, म्हणजे फलन. लांब तिथीत दोन सूर्योदय सापडले की वृद्धी : दोन तारखांचे बाण एकाच तिथीवर, एकास-एकपणा गेला. आखूड तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपली की क्षय : त्या तिथीवर एकही बाण नाही, आच्छादकपणा गेला. बारावीच्या दोन व्याख्या आमच्या आजीच्या तोंडी आधीपासून होत्या. फक्त ती त्यांना ‘तिथी खाल्ली’ म्हणायची.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रकल्पाची जागा ठरली : केरीचा फेरीधक्का, जिथून फेरीबोट पलीकडे तेरेखोलला जाते. नऊ जण तयार झाले. भरती-ओहोटीचं पाणी दर तासाला मोजायचं. बांबूवर दर पाच सेंटिमीटरला तेलरंगाची रेघ, दर दहाला आकडा. पालयेंच्या मुलाच्या वडिलांची होडी आहे, त्यांनी बांबू धक्क्याच्या खांबाला कुठे बांधायचा ते दाखवलं आणि म्हणाले, “शून्य कुठे धरलंय?” बांबूच्या बुडाशी, म्हटलं. “मग तो आकडा तुमच्या बांबूचा, दर्याचा नाही.” खरं आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर तेच लिहायला लावलं.

त्यांनीच एक हिशेबही सांगितला. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीनला. कोकणात हा जुना आडाखा आहे. पोरं हरखली, कारण अखेर एक फॉर्म्युला मिळाला! प्रकल्पाची अट मोडली की नाही, यावर घरी जाईपर्यंत वाद.

७ डिसेंबर, रविवार

कृष्ण तृतीया. सकाळी पावणेसातला धक्क्यावर. पलीकडे तेरेखोलचा किल्ला धुक्यात. फेरी लागलेली, पण जागची हलत नव्हती. एक बाई किल्ल्याकडे कामाला निघालेली, डबा मांडीवर घेऊन बसली होती. फेरीवरचा म्हणाला, “सुकती आसा, आतां वचना.” ओहोटीला ही फेरी थांबते हे इथल्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त बाहेरच्या पर्यटकांना नसतं. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. हरमलच्या मुलीने वहीत लिहिलं, ‘स्थिर फलन, किंमत शून्य’, आणि मला दाखवून हसली.

पहिली तुकडी सात ते दहा, दुसरी दहा ते दोन, तिसरी दोन ते सहा. पहिला आकडा ३८. आठला ५५, नऊला ८८. पाणी चढताना बांबूवरच्या रेघा एकेक करून बुडताना बघायला पोरांना फार मजा येत होती. मोजणीपेक्षा बघणंच जास्त. दहाला तुकड्या बदलल्या. अकराला १६०, बाराला १८४, एकला १९३. त्यानंतर उतरण : १८२, १५७, १२२, ८६, आणि सहाला, सूर्य बुडता बुडता, ५८.

भाजी-पाव सगळ्यांना माझ्याकडून. पाणी हेलकावे खातं म्हणून वरची आणि खालची लाट बघून मधला आकडा घ्या, असं मी बजावलं होतं. किती जणांनी ते केलं, देव जाणे.

तृतीयेला आडाख्याने सव्वादोनला भरती यायला हवी होती. आमची सर्वांत मोठी नोंद एकची. होडीवाले काका हसले. “आमच्याकडे तासभर आधी धरायचं.” पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, मुंबईला गोव्यापेक्षा उशिरा पोचते. त्यामुळे एका किनाऱ्याचा आडाखा दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. एक वजा करायचा.

९ डिसेंबर, मंगळवार

आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायला बसलो आणि दहा वाजता अडकलो. पहिल्या तुकडीच्या पानावर (१०, १२६), दुसरीच्या पानावर (१०, १३१). दोघांनी दहाची नोंद घेतलेली. मी उभी पट्टी कागदावर डावीकडून उजवीकडे सरकवत नेली. दहावर ती दोन ठिपक्यांना एकदम टेकली. वर्गात शांतता.

“म्हणजे पाणी फलन नाही?” मांद्र्याच्या मुलाने विचारलं.

यावर जी चर्चा झाली त्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, पण ती अशी होईल असं वाटलं नव्हतं. पहिला गट म्हणाला, सरासरी काढा, १२८.५ लिहा, विषय संपला. कोरगावचा उखडला. “तो आकडा कुणीच बघितला नाही. खोटी नोंद कशी लिहायची?” दुसरा गट म्हणाला, त्या वेळी ट्रॉलर गेला होता, त्याच्या लाटेने १३१ आलं, ते खोडा. पहिल्या तुकडीने लगेच मान डोलावली, दुसरी भडकली. घड्याळाचाही मुद्दा निघाला. एकाचं मोबाइलवरचं, दुसऱ्याचं मनगटावरचं, दोघांच्या दहामध्ये दोन मिनिटं असतीलच.

मी म्हटलं, पाण्याची उंची हे वेळेचं फलन आहेच, एका क्षणी त्या खांबापाशी पाणी दोन उंचीचं असू शकत नाही. पण आपल्याकडे पाणी नाही, आपल्याकडे नोंदी आहेत. नोंदींचा संच हा संबंध आहे, फलन नाही.

तुयेची मुलगी तेवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, “इनपुट नुसती वेळ का ठेवायची? वेळ आणि बघणारा, अशी जोडी घेऊ. मग दहा-पहिली तुकडीला १२६, दहा-दुसरी तुकडीला १३१. कुणाचाच आकडा खोडायला नको आणि फलनही झालं.” कार्टेशियन गुणाकार ऑगस्टमध्ये मी जोड्यांची यादी म्हणून शिकवला होता. तो कशासाठी असतो, ते त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. आज तिने सांगितलं. मी तिला खडू दिला आणि स्वतः बाकावर बसलो.

भिंतीवरच्या आलेखासाठी मात्र १२६ घेतलं आणि १३१ चा ठिपका लाल शाईने ठेवला.

त्यानंतर ठिपके जोडायचे की नाही, यावर पुन्हा. एकाने फूटपट्टीने सरळ रेघांनी जोडले, एकच्या जागी टोकदार कोपरा आला. “पाणी असं कोपऱ्यात वळतं का?” मी विचारलं. वळत नाही. मग हाताने गोलाई दिली. पण रेघ काढली की आपण साडेदहाच्या उंचीबद्दलही बोलतो, जी कुणी मोजली नाही. प्रांत (डोमेन, म्हणजे फलनात धरलेले इनपुट) बारा आकड्यांचा आहे की सात ते अठरा या अख्ख्या पट्ट्याचा, हे रेघ काढण्याआधी ठरवायला लागतं. रेघ ठेवली, पण तुटक.

आडवी पट्टी शेवटी फिरवली. १२२ वर धरली तर चारला एक ठिपका, आणि सकाळी दहाच्या थोडं आधी तुटक रेघ. म्हणजे ‘१२२ पाणी कधी होतं?’ याला दोन उत्तरं, व्यस्त (उलट दिशेचं) फलन नाही. सात ते एक एवढाच तुकडा घेतला तर एकच उत्तर. हे नेहमीच्या उदाहरणात, वर्ग आणि वर्गमूळ करताना, डोक्यावरून जातं. इथे गेलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज फेरीचं. वेळेवरून पाण्याची उंची, उंचीवरून फेरी चालू की बंद, म्हणजे फलनाचं फलन. आगरवाड्याच्या मुलाने मानशीचं उदाहरण जोडलं : नदीचं पाणी चढलं की खाजनाच्या (नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधातली लाकडी दारं आपोआप मिटतात, उतरलं की उघडतात. ते सरळ बसलं. फेरीचं बसेना.

सकाळी आठला पाणी ५५ होतं आणि फेरी सुटली. संध्याकाळी सहाला ५८, म्हणजे जास्त पाणी, आणि फेरी थांबलेली. उंची वाढली तर फेरी चालायला हवी ना? हरमलच्या मुलीने शाळा सुटल्यावर बाबांबरोबर जाऊन फेरीवरच्यालाच विचारलं. तो म्हणाला, सकाळी पाणी चढतं असतं, अडकलो तरी पाच-दहा मिनिटांत सुटतो. संध्याकाळी उतरतं असतं, रेतीवर बसलो तर पुढची भरती येईपर्यंत लोकांना घेऊन तिथेच. शिवाय लाट किती आहे तेही बघतो.

म्हणून फेरी हे एकट्या उंचीचं फलन नाही. ‘उंची आणि पाणी चढतंय की उतरतंय’ असं लिहिलं तेव्हा आमच्या बारा नोंदींपुरतं जमलं. लाट आम्ही मोजली नव्हती, त्यामुळे फेरीवाल्याचं डोकं आमच्या आलेखात अर्धंच आलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

प्रकल्पाच्या वहीत एक पान गोव्याच्या माणसाचं असावं असं मला वाटत होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण ते गणिती होते, आणि १९४४मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक फलन दिलं, जे आजही आनुवंशिकीत त्यांच्याच नावाने चालतं. दोन जनुकांमध्ये पुनर्संयोगाचं (पुढच्या पिढीत त्यांची नवी जुळणी होण्याचं) प्रमाण ‘र’ असेल, तर एक अधिक दोन र याला एक उणे दोन र ने भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि चौथा हिस्सा करायचा. र ला ०.३ घेतलं. १.६ भागिले ०.४ म्हणजे ४, लॉग १.३८६, चौथा हिस्सा ०.३४७, म्हणजे सुमारे ३४.७ सेंटिमॉर्गन, हे जनुकांमधल्या अंतराचं एकक.

प्रांत कुठला, हा प्रश्न यावेळी मी विचारायच्या आधी आला. र ०.५ झालं की खाली शून्य, म्हणून ०.५ चालत नाही. बायोलॉजीवाल्या दोघी म्हणाल्या, तिथे जनुकं इतकी दूर असतात की स्वतंत्र असल्यासारखी वागतात, अंतर मोजता येत नाही. बाकीच्यांनी ‘डोमेन म्हणजे खाली शून्य नको’ एवढंच धरलेलं होतं. आता थोडं पुढे सरकले असतील. एका तासात जास्त अपेक्षा नको.

२२ डिसेंबर, सोमवार

वह्या जमा करायचा दिवस. शुक्रवारी गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, त्यामुळे काहींना तीन दिवस मिळाले आणि काहींनी ते पुरते वाया घालवले. पालयेंच्या मुलाची वही सगळ्यात स्वच्छ, कोरगावच्याची सगळ्यात विचार केलेली आणि सगळ्यात घाण, पानावर भाजीचा डाग. बांबू अजून धक्क्याला आहे, वरच्या तीन रेघांचा रंग गेलाय.

हरमलच्या मुलीने काल, प्रतिपदेला, संध्याकाळी सहाला जाऊन एक नोंद आणली. ४४. “सर, आपल्या आलेखात सहाला ५८ आहे. हा ठिपका खाली लावू?”

मी म्हटलं, लाव.

तिने पेन टेकवलं आणि थांबली. सहाच्या उभ्या रेषेवर दोन ठिपके आले असते. लाल शाईचा तो दहाचा ठिपका तिच्या समोरच होता. तिने पेन बाजूला ठेवलं, कोरा कागद मागून घेतला आणि आमच्या आलेखाच्या उजव्या कडेला चिकटवला. नव्या अक्षावर लिहिलं, ‘दिवस, वेळ’. पहिली जोडी : (२१ डिसेंबर, १८), आणि पुढे ४४.

“आता उरलेले अकरा तास कोण मोजणार?” मांद्र्याच्याने विचारलं. कुणीच हात वर केला नाही. सहामाही परीक्षा तोंडावर आहे.